निघतोमामाचा ट्रेलर

आमचा मामा आमच्याकडे आला की चपला काढायच्या आधीच म्हणायचा, "निघतो गं." मग आत यायचा, खिडकीपाशी उभा राहायचा आणि तिथेच उभ्याने चहा घ्यायचा. एक डोळा कपात, एक खाली उभ्या केलेल्या गाडीवर. मीरा रोडच्या आमच्या सोसायटीत आम्ही ए विंगला आणि तो सी विंगला, म्हणजे त्याला निघून जायचं ते फार तर समोरच्या जिन्यात. तरी त्याला मी आमच्या सोफ्यावर टेकलेलं कधी पाहिलं नाही. बिल्डिंगमधल्या पोरांनी त्याला निघतोमामा म्हणायला सुरुवात केली आणि बघता बघता कमिटीचे लोकही तसंच म्हणू लागले.

पायाला भिंगरी म्हणतात ती त्याच्या पायाला जन्मापासून होती. ट्रान्स्पोर्ट कंपनीच्या ऑफिसात नोकरी केली तीही टेबलापाशी कमी आणि गोदामात जास्त. रिटायर झाल्यावर तर तो नुसताच स्टेशनपर्यंत जाऊन परत यायचा. भाजी आणायला भाईंदरला केबिन रोडवर जायचा आणि भाजी विसरून यायचा. मी चिडायचे. माणसाने कधीतरी एका जागी बसावं, दुसऱ्यालाही बसू द्यावं, असं मला वाटायचं. मामी मात्र कधी चिडली नाही. ती म्हणायची, "जाऊ दे गं, दमले की येतात."

मग मामीचं पाठीचं ऑपरेशन झालं. झालं तसं बरं झालं, पण तिला फार वेळ बसवेना. थोडं बसलं की आडवं व्हावं लागायचं. तिचं माहेर राजापूरच्या आत, डोंगरातल्या एका वाडीत. तिथे तिचा थोरला भाऊ होता, त्याला सगळे दादा म्हणायचे. दादांनाही आता घराबाहेर पडवत नव्हतं. मामीला एकदा तिथे जायचं होतं. रेल्वेत आडवं पडता आलं असतं, पण गाडीतल्या संडासात तिला जमत नव्हतं आणि स्टेशनपासून वाडीपर्यंतच्या रस्त्याने पाठीचा भुगा झाला असता. मी ॲम्ब्युलन्स सुचवली. त्यावर एवढ्या मऊ बाईने मला सरळ सुनावलं, "माहेरी मी ॲम्ब्युलन्समधून नाही जाणार. लोक रडायलाच जमतील."

मामा त्या वेळी खिडकीपाशी उभा होता. आणि दिवाळीच्या आधी त्याच्या जुन्या डिझेल गाडीमागून सोसायटीच्या गेटातून एक पांढरा डबा आत आला. नायगावच्या एका हौशी माणसाने हौस फिटल्यावर विकलेला तो ट्रेलर होता. आत पलंग, छोटी मोरी, कमोड, गॅसची शेगडी, मागच्या बाजूला दार आणि पुढच्या तोंडाला सामानाची एक मोठी पेटी. चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नाही, तेव्हा मामीने पुढे गाडीत सीट मागे पाडून बसायचं आणि पाठ दुखली की थांबून मागे जाऊन पडायचं, असा बेत होता. कमिटीने तोंड वाकडं केलं. मामाने सेक्रेटरीला आत नेऊन कमोड दाखवला आणि विषय संपला.

ट्रेलर आला, पण खरा ताप त्याच्या हुकाचा होता. साध्या हुकात गाडीच्या मागे एक लोखंडी गोळा असतो आणि त्यावर ट्रेलरचं तोंड बसतं. सगळा भार गाडीच्या शेपटावर. मामाने तशी एक फेरी समुद्राकाठच्या चौक गावापर्यंत मारली, मी मागच्या सीटवर होते. गाडीचं शेपूट बसलेलं, तोंड वर आणि पुढची चाकं इतकी हलकी की वळणावर मामा म्हणाला, "स्टिअरिंग हातात आहे असं वाटतच नाही." चौकला स्टॉपजवळ मासळीची टोपली घेऊन बसलेली एक म्हातारी गाडीकडे बघत म्हणाली, "तोंड वर करून चालली हाय. व्हडी हाय का काय ही?" मामा हसला, पण परत येताना सारखा आरशातून मागे बघत राहिला.

त्यानंतर वजन वाटून देणाऱ्या हुकाचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं. त्यात दोन स्प्रिंगच्या दांड्या गाडीकडून ट्रेलरच्या खाली जातात आणि साखळीने वर ताणून अडकवायच्या असतात. ताण बसला की शेपटावरचा भार थोडा पुढच्या चाकांवर जातो, थोडा ट्रेलरच्या चाकांवर. काशिमिऱ्याचे फॅब्रिकेशनवाले रमेशभाई तो हूक बाहेरून मागवून बसवून देणार होते. फक्त दांड्या जाड हव्यात की बारीक, एवढं मामाने सांगायचं होतं. तेच त्याला सांगता येईना. बारीक घेतल्या तर शेपूट बसणार. जाड घेतल्या तर गाडी ताठ होणार आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा पुढच्या सीटवरच्या मामीच्या पाठीत जाणार.

मग काय, आमचं सगळ्यांचं जगणं हराम झालं. सोसायटीत कुणाचीही गाडी उभी असली की मामा तिच्या मागच्या बंपरवर दोन्ही तळवे टेकून दाबायचा, सोडायचा आणि ती किती वर उसळते ते बघायचा. दुसऱ्या मजल्यावरचे शहाकाका गॅलरीतून म्हणायचे, "मामा, मेरी गाडी को मालिश क्यों करते हो?" भंगारवाल्याचा वजनकाटा आणून मामाने ट्रेलरचं तोंड त्यावर टेकवलं. मामीची शिवणाची टेप घेऊन चाकावरची उंची मोजली. ती टेप ग्रीसने काळी झाली आणि मामीने ती धुऊन पुन्हा त्यालाच दिली. संध्याकाळी रमेशभाईंना फोन करून जाड सांगायचा आणि सकाळी चहाच्या आधी बारीक. रमेशभाई एकदा वैतागून म्हणाले, "मामाजी, शादी नहीं कर रहे, रॉड ले रहे हो." मामा त्यांना शांतपणे म्हणाला, "शादी हो गयी है, इसीलिए पूछ रहा हूँ."

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की हा माणूस कशासाठी चाळा करतोय. राग गेला असं नाही. पण मी त्याच्यासाठी टेपचं दुसरं टोक धरू लागले.

शेवटी त्याने बारीक दांड्या घेतल्या आणि ठरवलं, की सामान कमी न्यायचं. "वजन कुठे जात नाही गं," मला म्हणाला, "चाकांनी वाटून घ्यायचं. आणि जेवढं वाटून घेता येईल तेवढंच भरायचं." हे बोलणं फार शहाणपणाचं होतं. त्यात फक्त आमची बिल्डिंग धरलेली नव्हती. आमच्याकडे कुणी गावाला निघालं की निम्म्या घरांतून निरोप येतो, जाताय तर एवढं न्या. माणगावचा कुकर, महाडची फोल्डिंग खाट, चिपळूणला कुणाच्या सुनेसाठी मिक्सर आणि बाळाचा पाळणा. नाही म्हणायची आपल्यात रीत नाही. मामाने हे सगळं पुढच्या पेटीत आणि तिच्यालगत बसवलं, पुन्हा काटा आणला, साखळी आणखी एक कडी वर ताणली आणि गाडी सपाट उभी राहिली. इतकी सपाट, की शहाकाकांनीही खाली येऊन बघितलं.

दिवाळीनंतर निघालो. मामी पुढे, मी मागे. गाडी लोण्यासारखी चालली. दर थांब्याला मामी ट्रेलरमध्ये पडायची आणि मामा ट्रेलरभोवती फेऱ्या मारायचा. ज्याचं त्याचं सामान पोचतं झालं, आणि जिथे पोचतं झालं तिथल्या माणसांनी आम्हाला मोकळ्या हाताने सोडलं नाही. नव्या तांदळाची पिशवी, नारळ, कुळीथ, पोहे. जो तो मागचं दार उघडायचा आणि आत ढकलून द्यायचा. मामाही हसून म्हणायचा, ठेवा ठेवा.

संगमेश्वरच्या पुढे एका उतारावर ट्रेलर शेपूट हलवायला लागला. आधी थोडं, मग गाडीलाच डावी-उजवीकडे ओढू लागला. मामी खिडकीवरचा दांडा धरून बसली. मी ओरडले असेन. मामाने जोरात ब्रेक मारला नाही, पाय उचलला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि गाडी आपोआप मंद होऊन कडेला उभी राहिली. तो खाली उतरला. मागचं दार उघडून आत बघत राहिला. पुढची पेटी मोकळी झाली होती आणि सगळं गाव मागे भरलं होतं. हुकावर दाब उरलाच नव्हता, आणि तोंड हलकं झालं की ट्रेलर मागून झुलतो. एवढा काथ्याकूट केलेला माणूस, पण माणसं परतभेट देणार हे त्याच्या हिशेबातून सुटलं होतं. आपल्या सगळ्यांच्याच सुटतं. आम्ही तांदूळ आणि नारळ पुढे वाहून नेले. मामा एकेक नारळ जागा बदलून बदलून लावत होता आणि मी त्याच्याकडे बघत नसल्यासारखं करत होते.

वाडीवर पोचलो. दादा काठी टेकत अंगणाच्या टोकाशी आले होते. मामी स्वतःच्या पायांनी गाडीतून उतरली. कुणी रडायला जमलं नव्हतं. बायका तिच्याभोवती हसत होत्या आणि ती मधोमध उभी होती, पाठीवर हात ठेवून. एवढं बघितलं आणि मी मामाला सगळं माफ केलं. तो लगेच गाडीखाली शिरला होता.

जायच्या दिवशी मात्र त्याने जाहीर केलं, की इथून काहीही न्यायचं नाही. उतारावरची धास्ती त्याच्या अंगातून गेली नव्हती. दादांची सून नारळ घेऊन आली, तिला त्याने परत पाठवलं. मग दादांनी पडवीतून एक दगडी पाटा आणि वरवंटा बाहेर काढायला लावला. मामीच्या आईचा. मामीने त्यावर हात फिरवला. सून म्हणाली, "आता मिक्सर आहे ना घरात, आत्या, तुम्हीच न्या." मामा मामीला म्हणाला, "सुमन, हा दगड आहे. आपल्याला झेपायचा नाही."

मामी पायरीवर बसली. तिला बसवत नव्हतं, तरी बसली. हळूच म्हणाली, "अहो, मी काही पुन्हा येणार नाही इथे. मोकळ्या हाताने नका नेऊ मला."

मामाने ट्रेलरच्या पुढची पेटी उघडली आणि आतून स्वतःची हत्यारांची लोखंडी पेटी ओढून काढली. नोकरीत असल्यापासूनची. ती पेटी सोडून तो भाईंदरलाही गेला नसता. ती त्याने पडवीत पाट्याच्या जागी ठेवली आणि पाटा चादरीत गुंडाळून हुकाच्या बरोबर मागे, पुढच्या पेटीत निजवला. दादांना म्हणाला, "पेटी राहू दे. घ्यायला येईन." परतीच्या वाटेवर ट्रेलर एकदाही हलला नाही.

मीरा रोडच्या किचनमध्ये मामी त्या पाट्यावर रोज थोडी चटणी वाटायची. उभ्याने, ओट्यावर. खालच्या मजल्यावरून आवाजाची तक्रार आली, तेव्हा मामाने पाट्याखाली जुन्या टायरचा तुकडा घातला. पुढच्या पावसाळ्याआधी मामी गेली. झोपेत गेली, आडवी होती, दुखत नव्हतं. मला अजून तिच्याशिवाय सी विंगचा जिना चढवत नाही.

त्यानंतर मामाकडे बघवत नव्हतं. सकाळी निघायचा तो स्टेशन, तिथून भाईंदर, तिथून चालत परत, आणि घरी न जाता पुन्हा स्टेशन. आमच्याकडे यायचा, निघतो म्हणायचा आणि कुठे निघायचं ते न कळल्यासारखा दारात उभा राहायचा. कुणाच्या गाडीचा बंपर दाबेनासा झाला. शहाकाका मला म्हणाले, "उनको बोलो ना, मेरी गाडी देख लें." मी सांगितलं. तो हो म्हणाला आणि गेला नाही.

मग एका सकाळी खालून हॉर्न वाजला. मामाने ट्रेलर जोडला होता. मी धावत खाली गेले. तो साखळीची कडी अडकवत होता. "पेटी राहिलीय ना तिकडे," म्हणाला, "घेऊन येतो." मी पुढची पेटी उघडून बघितली. आत चादरीत गुंडाळलेला पाटा होता. मी विचारलं, हा कशाला? "पुढे वजन नको का?" एवढंच बोलला. मी टेपचं टोक धरलं, त्याने चाकावरची उंची मोजली आणि गाडी सपाट गेटाबाहेर पडली.

त्याला आता वर्ष होत आलं. बायकोच्या माहेरी जावयाने असं राहायचं म्हणजे लोक नावं ठेवणारच, पण दादा सगळ्यांना सांगतात, पेटी न्यायला आलेत. सुनेने मला एक फोटो पाठवला. ट्रेलर आंब्याखाली, हुकाच्या दांड्या काढून, तेल लावून पडवीच्या भिंतीला टांगलेल्या, खाली पाटा. आणि पायरीवर, मामी बसली होती तिथेच, मामा बसलेला. पाय पसरून. मी तो फोटो मोठा करकरून बघते. इकडे माझंच बूड आता टेकत नाही, चहा मी खिडकीपाशी उभ्याने घेते आणि खाली त्याच्या रिकाम्या जागेवर कुणी गाडी लावली की उगाच डोकं फिरतं.

परवा न राहवून फोन केला. विचारलं, पेटी मिळाली का रे?

"मिळाली की," मामा म्हणाला. "निघतोच आता."

आणि मला ऐकू आलं, तो आतल्या कुणाला तरी आणखी एक चहा सांगत होता.