अक्कांच्या जीपचं अर्थिंग

बंगळुरात घर बघायला गेले तेव्हा मला घरमालकीण अक्कांचे आधी पायच दिसले. एचएसआर लेआउटमधली शांत गल्ली, फाटकाच्या आत एक जुनाट जीप, आणि तिच्याखालून बाहेर आलेल्या दोन म्हाताऱ्या टाचा. शेजारी एक चप्पल उलटी पडलेली. बाई गाडीखाली सापडली असं समजून मी "अगं माय!" म्हणून जी किंचाळले, ती समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. खालून मात्र अगदी शांत आवाज आला, "ओरडतेस कशाला गं? तो पाना सरकव इकडे." मी पाना सरकवला. वरच्या मजल्यावरची खोली मला त्याच दिवशी मिळाली.

मी नागपूरची, आयटीतली. अक्का सत्तरी ओलांडलेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या इकडच्याच. त्यांच्या मराठीत 'थोडं थांब'ऐवजी 'स्वल्प थांब' आणि 'बरं'ऐवजी 'सरी' इतकं सहज यायचं की महिनाभरात मीही ऑफिसात 'सरी सरी' करायला लागले. जीप त्यांच्या यजमानांची. ते गेल्यावर सगळ्यांनी ती विकायचा सल्ला दिला, तेव्हा ह्या बाईनं साठीत गाडी शिकून घेतली. पदर खोचून, चष्मा दोरीनं बांधून त्या सिल्कबोर्ड चौकाच्या गर्दीत शिरायच्या तेव्हा शेजारी बसून माझा जीव मुठीत असायचा. बसवाल्यालासुद्धा काच खाली करून सुनवायच्या. "भ्यायचं असेल तर मागं बस," हे वर मला.

दर सोमवारी त्या बंगळुराबाहेर आनेकलला जायच्या. तिथं त्यांची धाकटी बहीण सुनेजवळ राहायची. अक्का तिला तंगी, म्हणजे कन्नडमध्ये धाकटी बहीण, म्हणायच्या, म्हणून मीही तंगीच म्हणते. तिला जीपमध्ये घालून तळ्यापर्यंत फिरवायचं, डोसा खाऊ घालायचा आणि परत सोडायचं, एवढाच कार्यक्रम. पण सोमवारी अक्कांना कुणी काम सांगितलेलं खपायचं नाही.

आणि एका सोमवारी जीप बसली. किल्ली फिरवली की नुसतं 'कट्' व्हायचं आणि दिवे मंद व्हायचे. मेकॅनिक म्हणाला बॅटरी गेली. नवी बॅटरी आली, दोन-चार दिवस बरी चालली, पुन्हा कट्. "ऐकून घ्यायचं, पण पटवून घ्यायचं नाही," असं म्हणत अक्कांनी त्याला वाटेला लावलं आणि बॅटरीची जुनी केबल कापून माझ्या नाकासमोर धरली. वरून काळी कुळकुळीत, आत तांब्याचा हिरवा भुगा. मला खरंच धक्का बसला, कारण वरून ती माझ्या लॅपटॉपच्या वायरीपेक्षा ठणठणीत दिसत होती.

मग आम्ही मेट्रोनं चिकपेटच्या बाजारात गेलो. साड्यांच्या दुकानांकडे ढुंकूनही न बघता अक्का हार्डवेअरच्या गल्लीत शिरल्या आणि अंगठ्याएवढी जाड तांब्याची केबल घेऊन आल्या. तिच्या टोकांना तांब्याच्या टोप्या बसवून घेतल्या. घरी येऊन आधी मायनसची वायर सोडवली, मग प्लसची, आणि दोन्ही नव्या जोडल्या. मी मनातल्या मनात पेढे वाटले. अक्कांनी किल्ली फिरवली. कट्.

"सरी," अक्का म्हणाल्या आणि तशाच गाडीखाली गेल्या. "वीज जाताना सगळे बघतात. परत कुठून येते ते कोण बघतं गं?" मायनसची वायर जिथं गाडीच्या सांगाड्याला बोल्टनं जोडली होती तिथं, म्हणजे अर्थिंगला, त्यांनी पाना लावला. बोल्ट निघाला. मी वाकून बघितलं. खाली लोखंड नव्हतंच. चंदेरी रंगाचे थरावर थर होते.

दरवर्षी नवरात्रातल्या आयुधपूजेला इकडे गाड्या धुऊन, सजवून, हार घालून पुजतात. अक्का तर आदल्या दिवशी सांगाड्याला नवा चंदेरी रंग द्यायच्या. लोक ब्रश वरवर फिरवतात, ह्या मात्र बोल्ट काढून त्याखालची जागासुद्धा रंगवायच्या, कारण पूजेत अर्धवट काही ठेवायचं नाही. त्या रंगानंच वीज परत यायची वाट बुजवली होती.

"म्हणजे मीच गं," त्या म्हणाल्या. मला हसू फुटणार होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते आवरलं.

"बसनं जाऊन या ना एकदा," मी म्हटलं. "तंगी वाट बघत असतील."

"गेले होते." पॉलिश पेपरनं त्या रंग खरवडत राहिल्या. "मला म्हणाली, कोण तुम्ही? घरात बसूच नाही दिलं. तिचं डोकं हल्ली असंच झालंय. पण जीपचा आवाज आला की आपणहून उठते, चप्पल घालते, फाटकात येते. आता ही सुरू नाही झाली तर मी तिच्याकडे जाऊ कशी?"

इतके दिवस मी ह्या बाईला हट्टी समजत होते. मीही एक पॉलिश पेपर घेतला. लोखंड चकचकीत होईपर्यंत आम्ही दोघींनी घासलं, बोल्ट आवळला, वर व्हॅसलीन चोपडलं. इंजिनपासून सांगाड्यापर्यंत आणखी एक जाड वायर टाकली. किल्ली फिरवताच जीप अशी गर्जली की मी दचकून मागं सरले.

सोमवारी मी रजा टाकून सोबत गेले. आनेकलच्या त्या गल्लीत जीप वळली आणि खरोखर, तंगी चप्पल घालून फाटकात उभी. हसरी, वेणी घातलेली. अक्कांनी पुढचं दार उघडलं.

"तिथं नको, तिथं अक्का बसते," ती म्हणाली आणि मागं माझ्याशेजारी येऊन बसली. गाडी निघाली. थोड्या वेळानं तिनं पुढं वाकून अक्कांच्या खांद्यावर हात ठेवला.

"भावोजी, अक्का का नाही आली आज?"

आरशात मला अक्कांचे डोळे दिसत होते. ते रस्त्यावरच होते. दुसऱ्याची साधी चूकही खपवून न घेणारी ही बाई आता काय करेल, ह्या भीतीनं मी सीट घट्ट धरली.

"तिला ताप आहे," अक्का जाड आवाजात म्हणाल्या. "पुढच्या सोमवारी आणतो."

तंगीचं समाधान झालं. ती खिडकीतून बाहेर बघत बसली.

पुढं माझी पुण्याला बदली झाली. तोवर मी कितीतरी सोमवार त्या जीपमध्ये मागं बसून गेले. जीप एकदाही बंद पडली नाही, पुढची सीट रिकामीच राहिली, आणि अक्कांचा ताप काही उतरला नाही.