पाचव्या अष्टकातला खोकला

मला खोकला लागला त्याला आता दोन वर्षं होत आली. कफ नाही, ताप नाही, वजन होतं तेवढंच. घशात कोणीतरी चिमूटभर भुकटी टाकल्यासारखं होतं, आणि मग जे सुरू होतं ते डोळ्यांतून पाणी काढून आणि बरगड्या दुखवूनच थांबतं. दुसऱ्या कोणाला झालं असतं तर मी म्हटलं असतं, गरम पाणी प्या आणि गप्प बसा. पण मी अमरावतीतला भिक्षुक. मी गप्प बसलो तर माझ्याजवळ उरतं काय?

खोकला दोन-तीन महिन्यांचा असताना मुलीचं लग्न ठरलं. मुलगा अकोल्याचा, प्राध्यापक. बैठक आटोपून पाहुणे गेले आणि ती मला म्हणाली, "बाबा, मंगलाष्टकं तुम्हीच म्हणायची. दुसऱ्या कोणाच्या आवाजात माझं लग्न लागायचं नाही." मुलीच्या बापानं स्वतः पौरोहित्य करायचं नसतं, पण अष्टक म्हणायला कोणाची हरकत नसते. मी लगेच नवीन अष्टक रचायला घेतलं. गावातल्या निम्म्या मुलींची लग्नं माझ्या गळ्यानं लागली, मग स्वतःच्या मुलीला शिळं अष्टक कशाला?

तोवर आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी दोन प्रकारची सिरप देऊन पाहिली होती. मग छातीचा फोटो काढला, स्वच्छ. थुंकी तपासली, तीही स्वच्छ. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घातली आणि "सुंदर आहे घसा" म्हणाले. मला भारी राग आला. सुंदर घसा घेऊन मी काय आरशात पाहत बसू? एकानं ॲसिडिटी सांगितली, चहा आणि मिरची बंद केली. एकानं होमाच्या धुरावर बोट ठेवलं. मी चार महिने एकही होम घेतला नाही, घरात उदबत्तीसुद्धा लावली नाही. देव बिनवासाचे बसले आणि खोकला होता तिथंच राहिला. माणसाला काही सापडलं की भीती वाटते, मला काही सापडत नाही म्हणून वाटायला लागली.

खोकल्यानं माझी खरी अब्रू घेतली ती नांदगाव पेठेकडच्या एका लॉनवर. नवरी शेतकऱ्याच्या घरची, पंचक्रोशी लोटलेली. आमच्याकडे लग्नात मुहूर्त टळणं नेहमीचंच, नवरदेवाचे मित्र बँडपुढून हलतच नाहीत. पण मी त्या बाबतीत खाष्ट म्हणून ओळखला जायचो. वरातीत शिरून पोरांना हाकललं आहे मी. वेळेआधी नाही, वेळेनंतर नाही, माझा अंतरपाट घड्याळ बघून खाली जायचा. त्यासाठी बँडवाल्यांशी माझी खूण ठरलेली होती. माझा उजवा हात वर गेला की अंतरपाट खाली आणि बँड सुरू.

त्या दिवशी पाचव्या अष्टकाच्या मध्यावर घशात ते सुरू झालं. मी माईक बाजूला केला, वाकलो, आणि लोकांना "थांबा, एक मिनिट" म्हणावं म्हणून हात वर केला. उजवा.

बँड दणाणला. अंतरपाट धरणाऱ्या दोघांनी तो सोडला. पंचक्रोशीनं अक्षता उधळल्या, नवरीनं हार घातला, आणि मी वाकून खोकतच होतो. मुहूर्ताला अजून अकरा मिनिटं होती. नवरीचा काका जवळ आला आणि हळूच म्हणाला, "महाराज, मुहूर्ताले अजून टाइम होता नं? घडी तं असंच सांगते."

मी म्हणालो, "तुमचं घड्याळ मागे आहे. उत्तम साधला मुहूर्त."

इतक्या वर्षांत मुहूर्ताबद्दल मी खोटं बोललो ते तेवढंच. काकानं वाकून नमस्कार केला. त्याचा माझ्यावर विश्वास बसला नव्हता, आणि ते मला कळलं होतं, हे त्यालाही कळलं होतं.

मग लग्नांची बोलावणी आटली. तोंडावर कोणी काही बोललं नाही. श्राद्धाला मात्र बोलवायचे. श्राद्धाला खोकणारा भटजी चालतो, तिथं कोणाला घाई नसते.

लग्नाला सहा आठवडे राहिले तेव्हा व्याह्यांनी अकोल्यातल्या एका छातीच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. मी एसटीनं निघालो. बडनेऱ्यापर्यंत शेजारचा उठून मागे गेला, मूर्तिजापूरला पुढच्या बाईनं नाकाला पदर लावला. करोनापासून हे असंच आहे, खोकणारा माणूस पहिल्यांदा गुन्हेगार आणि मग आजारी. डॉक्टरांनी मशीनमध्ये फुंकायला लावलं, दंडावर टोचून ॲलर्जी पाहिली, सगळे जुने कागद नीट वाचले. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "काका, शरीरात काही नाही. कधीकधी मनाचंही असतं."

म्हणजे मीच. मीच माझा गळा धरून बसलो आहे. अकोल्याच्या स्टँडवर परतीच्या गाडीची वाट पाहताना मी रडलो. डोळे खोकल्यानं कायमचे ओले असायचे, तेवढं एक बरं होतं.

लग्न वैशाखात, अकोल्याच्या हॉलमध्ये. माझे एक भिक्षुक मित्र पौरोहित्याला उभे होते. चार अष्टकं त्यांनी म्हटली आणि पाचव्याला माईक माझ्या हातात दिला. अंतरपाटाच्या अलीकडे मुलगी मान खाली घालून उभी होती, पण कान माझ्याकडे. मी दोन्ही हात घट्ट माईकवर ठेवले, एकही वर जाऊ द्यायचा नाही म्हणून. पहिली ओळ म्हटली. दुसरीच्या मध्यावर गळा बंद झाला. मी माईक मित्राच्या हातात कोंबला आणि मंचावरून उतरून, तोंडावर उपरणं धरून, समोर दिसलं ते दार ढकललं.

ती नवरीची खोली होती. आत बायको एकटी तुळशीच्या कुंडीत तांब्यानं पाणी घालत बसली होती. आमच्यात मुलीच्या आईनं लग्न लागताना पाहायचं नसतं, अष्टकं ऐकायची नसतात. आजवर कित्येक आयांना मीच मंचावरून हातानं खुणावून आत पाठवलं होतं. त्या आत काय करतात, हा विचार कधी मनात आला नव्हता.

"तुमी काहून आले इथं?" ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं आणि सरकून सतरंजीवर जागा केली.

बाहेर आठवं अष्टक संपलं, सावधान झालं, बँड वाजला. आमच्या मुलीचं लग्न लागलं, दुसऱ्याच्या आवाजात. बायकोनं तांब्या खाली ठेवला, डोळे पुसले.

"झालं आता. आता ऐकलं तं चालते मले. म्हणा."

मी म्हटलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या सावधानपर्यंत, मुलीच्या आईचं आणि माझ्या आईचं नाव गुंफलेलं ते सगळं अष्टक, एकदाही न अडकता. खोकला लागल्यापासून माझा गळा इतका मोकळा कधी लागला नव्हता. जिच्यासाठी रचलं ती भिंतीपलीकडे हार घालून उभी होती, आणि बँडपुढे तिला काही ऐकू जाणं शक्य नव्हतं.

बायको पदर सावरून मुलीकडे गेली. मी उठायला लागलो आणि खोकला सुरू झाला.