रविवारी स्लॅब आहे, वाटप नाही

काकू गेल्या आणि आमच्या सोसायटीला कपाटं रिकामी करायचा मुहूर्त मिळाला.

ग्रुपवर मेसेज आलाय. 'कै. वसुधाकाकूंच्या स्मरणार्थ रविवारी डोंगरातल्या वाडीवर वस्त्रवाटप. जुने कपडे क्लबहाउसमध्ये आणून द्यावेत.' खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

अहो, कोणाच्या स्मरणार्थ काय करताय!

कर्वेनगरात माझ्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहणाऱ्या या बाई रिटायर झाल्यापासून एसटीने वेल्ह्याच्या डोंगरात जायच्या. तिथल्या वाडीवर उन्हाळ्यात पाण्याचे हाल.

काकूंचा नियम एकच. गावाने मागितलं नाही ते न्यायचं नाही.

गावाने झऱ्याखाली टाकी मागितली. सिमेंट, पाइप काकूंनी मिळवले. खोदलं आणि भिंती बांधल्या गावाने. वरचा स्लॅब तेवढा राहिला.

मागे कोणीतरी काकूंच्या दाराशी गाठोडं ठेवून गेलं. आतून शेरवानी आणि हाय हील्सच्या सँडल निघाल्या. काकू ते घेऊन थेट सोसायटीच्या मीटिंगमध्ये.

"हे घालून पाणी भरायचं का हो त्यांनी?"

सगळे हसले होते. कळलं कोणालाच नव्हतं, हे आता दिसतंय.

काल हिराबाईंचा फोन आला. वाडीची पाणी समिती त्या बघतात. आधी नुसत्या रडल्या. मग म्हणाल्या,

"ताई, रविवारी टाकीचा स्लॅब हाय. सेंट्रिंग लागलंय, गवंडी सांगून ठेवलाय. घमेली पुढं द्यायला समदी वाडी लागती. तुमचा टेम्पो आला तर मानसं रांगंत जातील. मग स्लॅब कोन टाकनार? कापडं हायती आमच्याकडं. पानी न्हाई."

लगेच चेअरमनना फोन केला.

"मॅडम, लोकांच्या भावना समजून घ्या. टेम्पो ठरलाय, बॅनरही छापून झालाय."

बॅनरवर काकूंचा फोटो! ज्या बाईने टाकीवर स्वतःचं नाव घालू दिलं नाही, तिचा.

संताप होतो. चितेची राख निवायच्या आत तुम्ही तिच्याच नावाने तिचंच काम बंद पाडताय. वर तुम्हालाच भरून येतंय.

टेम्पो कॅन्सल करा. नाही केलात तर वाडीच्या रस्त्यावर मी माझी गाडी आडवी लावीन. खरंच लावीन.

रविवारी सकाळी लवकर निघतेय. गाडीत जागा आहे. काकूंसाठी ज्यांना मनापासून काही करायचंय, त्यांनी चला.

कपडे घालून या. घेऊन येऊ नका.

काकू, घमेली आम्ही देतो पुढे.

तुम्ही निश्चिंत मनाने या आता.