सायबिणीची वाट ठरवणारी ईडामावशी

ईडामावशीला राग आला नाही असा एकही रविवार आमच्या चर्चने पाहिलेला नाही. मिस्सा संपून फादर पुढच्या आठवड्याच्या सूचना वाचायला लागले की मागच्या बाकांवरची माणसं हळूच दाराकडे सरकतात, आणि तेवढ्यात ती मान वळवून बघते. गुरुवारी दफनभूमीची साफसफाई, शनिवारी मुलांची धर्मशिक्षणाची परीक्षा, महिला मंडळाची सभा. "जेवणाची सूचना आसली की सगळे बसतत," ती बाहेर पडताना म्हणते, "झाडूची आसली की कोण रवणा नाय." आणि ते खोटं नसतं.

मी रॉविना. अकरा वर्षांपूर्वी लग्न होऊन या माडवाडीत आले. माझा नवरा ॲरोन चर्चच्या समितीचा सेक्रेटरी आहे, हे पुढे लागेल म्हणून आत्ताच सांगते. ईडामावशी आमच्या रक्ताची नाही, पण वाडीत तिला मावशी म्हटल्याशिवाय चालत नाही. तिचा नवरा बोटीवर होता, तो तिशीतच गेला. तेव्हापासून ती पडवीत मशीन टाकून शिवते. वाडीतल्या प्रत्येक मुलीचा पहिल्या कम्युनियनचा पांढरा फ्रॉक तिच्या हातचा. माझ्या मुलीचाही. माप घेताना पोर जरा हलली तर अशी डाफरायची की पोरगी श्वास धरून उभी.

तिने आणखी एक पोर वाढवलं होतं, तिचा धाकटा भाऊ मिंगेल. आईबाप लवकर गेले, तेव्हा हा नऊ वर्षांचा. मोठा झाल्यावर तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करू लागला. मग त्याने वालावलच्या सावित्रीशी कचेरीत जाऊन लग्न केलं. चर्चमध्ये नाही, देवळातही नाही. सावित्री तिच्या देवाची राहिली, मिंगेल त्याच्या. अंगणात तुळस, आत भिंतीवर क्रूस. बहिणीच्या कुंपणाला लागूनच त्याने घर बांधलं आणि बहिणीने त्याच्याशी बोलणं टाकलं. मी या वाडीत आले तेव्हा मला कुणी हे सांगितलंही नाही. सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं, इतकं ते जुनं झालं होतं.

या जूनमध्ये मिंगेलला अर्धांगवायू झाला. तेव्हा ईडामावशी पेजेचं भांडं घेऊन कुंपणातून पलीकडे गेली. कुणाशी काही न बोलता गेली आणि रोज जात राहिली. सावित्री भांडं घ्यायची आणि धुऊन परत द्यायची. दोघींमध्ये याहून जास्त काही नव्हतं.

सप्टेंबरअखेर मिंगेलने तिला विचारलं. त्याचं अर्धं तोंड चालत नाही, शब्द फुटून येतात. पण हे सगळ्यांना कळलं, कारण ईडामावशीने ते आल्यागेल्याला सांगितलं. तो म्हणाला होता, "सायबीण माज्या घराक कधी येतली?"

सायबीण म्हणजे मारियेची लाकडी मूर्ती, हातभर उंचीची, काचेच्या पेटीत ठेवलेली. ऑक्टोबर हा रोजरीचा, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेचा महिना. त्या महिन्यात ती वाडीत घरोघर फिरते. एका घरात एक दिवस. संध्याकाळी सगळी वाडी त्या घरात जमते, रोजरी होते, गाणी होतात, उकडलेले चणे आणि चहा होतो. दुसऱ्या संध्याकाळी पुढच्या घरची बाई तिला आणायला जाते. आधीच्या घरची बाई उंबऱ्यावर येऊन पेटी तिच्या हातात देते. बाईच्या हातून बाईच्या हातात, ही रीत कुणी मोडत नाही. कुठल्या दिवशी कुठलं घर हे ठरवणार ईडामावशी.

म्हणजे ठरवत होती. या वर्षी यादी माझ्या नवऱ्याने केली. कम्प्युटरवर, आडनावांच्या इंग्रजी अक्षरक्रमाने. रविवारी ती बोर्डावर लागली आणि ईडामावशीने चष्मा चढवून वाचली. पहिल्या दिवशी सायबीण खाडीकाठच्या डिसोजांकडे, दुसऱ्या दिवशी डोंगराखालच्या डिसोजांकडे, तिसऱ्या दिवशी परत खाडीवर.

"सायबीण काय पोस्टमन आसा रे?" ती चर्चच्या आवारातच ओरडली. "वाटेन घरां लागतत तशी जाता ती. तुझ्या एबीसीडीन नाय!"

मग तिने पर्समधून पेन काढलं आणि त्या छापील यादीच्या तळाला लिहिलं, मिंगेल फर्नांडिस. ॲरोनने संध्याकाळी ते खोडलं. मी त्याला विचारलं, कशाला? तो म्हणाला, "त्या घरात सायबीण कोण घेणार? सावित्री? रीत काय आहे ते तुला माहीत नाही का?" मी म्हटलं, माणूस आजारी आहे. तो म्हणाला, एकासाठी मोडली की सगळ्यांसाठी मोडते. मग मी मूग गिळून गप्प बसले, कारण पोरीचा अभ्यास घ्यायचा होता. खरं सांगायचं तर तेवढंच कारण नव्हतं. मलाही ते थोडं पटलं होतं.

समितीची सभा बुधवारी झाली. फादर नवीन, वयाने लहान, सगळ्यांना सांभाळून घेणारे. ते म्हणाले, आधी काय पद्धत होती ते बघू या. ईडामावशी तयारीतच आली होती. तिने कापडी पिशवीतून वह्या काढल्या आणि टेबलावर आपटल्या. एकतीस वर्षांच्या याद्या, सगळ्या तिच्या अक्षरात.

"फादर, बघा," ती म्हणाली. फादरांशी ती पुस्तकी मराठीत बोलते. "प्रत्येक वर्षाचा क्रम आहे. वाडीच्या तोंडावरच्या क्रूसापासून सुरू, खाडीवर शेवट. या सेक्रेटरीने सगळी उलथापालथ केली आहे."

क्रमाच्या बाबतीत ती शंभर टक्के बरोबर होती. पण ॲरोन एक एक वही उघडून बघत होता. मला त्याचा तो चेहरा माहीत आहे. शेवटची वही मिटून तो शांतपणे म्हणाला, "मावशी, तुमच्या घरानंतर प्रत्येक वर्षी आमचं घर आहे. मिंगेलकाका आपल्या दोन घरांच्या मधे राहतात ना? एकाही वहीत त्यांचं नाव नाही. हे कुणी वगळलं, मी?"

मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. ईडामावशीने वह्यांकडे बघितलं. तिने आपल्याच हाताने पायावर कुऱ्हाड मारून घेतली होती, आणि ती कुऱ्हाड स्वतःच पिशवीतून आणली होती.  वह्या गोळा केल्या आणि गेली. सभेत क्रम जुना ठेवायचं ठरलं. मिंगेलचं नाव कुणी काढलंच नाही. मला नवऱ्याचा इतका राग आला की रात्रीचं त्याचं ताट मी वाढलं नाही. हे एवढंच मी केलं.

चार दिवस तिच्या मशीनचा आवाज आला नाही. मी गेले तेव्हा ती पडवीत नुसती बसली होती. मला बघून खेकसली, "काय बघूक इलंस?"

मी पायरीवर बसले. मग तीच बोलली.

"पयल्या वर्सा रागान सोडलंय. खरा सांगतंय. लग्न करून इलो आणि माका साधा इचारूक पण नाय, म्हणान. दुसऱ्या वर्सा राग निवललो होतो गो. पण पयली यादी समोर घेतलंय आणि तीच उतरलंय. तिसऱ्या वर्सा दुसरी. मेल्या हाताक सवय लागली. एकतीस वर्सां मी माज्या भावाचा घर उतरूक नाय आणि माका कळूक पण नाय." तिने स्वतःच्या कपाळावर तळहात मारला, जोरात. "लोकांच्या डोळ्यातली कुसळां काढीत फिरलंय."

तिचं असं बोलणं ऐकून रडू यायला हवं होतं. मला राग आला. तिचा, ॲरोनचा, फादरांच्या त्या गोड आवाजाचा, आणि दरवर्षी ऑक्टोबरमध्ये मिंगेलच्या दारावरून गाणी म्हणत गेलेल्या माझ्या स्वतःच्या अकरा वर्षांचा.

गुरुवारी सायबीण ईडामावशीच्या घरी होती. शुक्रवारी संध्याकाळी ती आणायची पाळी माझी. मी ठेवणीतली साडी नेसून गेले. मागे पन्नासेक माणसं, मेणबत्त्या, ॲरोन. मावशी उंबऱ्यावर आली. मी दोन्ही हात पुढे केले. तिने माझ्या हातांकडे बघितलं आणि पेटी छातीशी धरून माझ्या बाजूने सरळ पुढे निघून गेली.

मिंगेलच्या अंगणात ती तुळशीला वळसा घालून दारापाशी थांबली. गाणं विस्कटलं. सावित्री तांदूळ निवडत होती, ती सूप तसंच हातात घेऊन बाहेर आली.

"घे," ईडामावशी म्हणाली.

"माका? मी तुमच्यातली नाय."

"ठावक आसा माका. घे."

"आजच कित्याक?" सावित्रीचा आवाज चढला. "तो आडवो पडलो तेवा आठवण झाली?"

"चूक माजी," ईडामावशी म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून कुणीच ऐकला नव्हता. "तुज्या घराचा नाव मी खाल्लंय. आता घे, नायतर मी हयच उबी रवतंय."

सावित्रीने सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि पेटी घेतली. ती हसली नाही, रडली नाही. आत खाटेवर मिंगेलने चालत्या डाव्या हाताने कपाळाला, छातीला, मग आधी उजव्या आणि नंतर डाव्या खांद्याला स्पर्श करत क्रूसाची खूण केली. चुकीच्या हाताने, चुकीच्या क्रमाने. अर्धी माणसं आत गेली. अर्धी रस्त्यावर राहिली. ॲरोन रस्त्यावर राहिला आणि मी त्याच्या शेजारी. आतून रोजरी ऐकू येत होती आणि मी बाहेर उभी राहून ती पुटपुटत होते. इतकी भित्री बाई मी दुसरी बघितलेली नाही.

शनिवारी मी तिथून सायबीण आणायला हवी होती. ॲरोन म्हणाला, जायचं नाही. समितीला विचारल्याशिवाय जे झालं ते झालंच नाही असं समजायचं. मी गेले नाही. दुसरंही कुणी गेलं नाही.

रविवारी मिस्सेनंतर फादर सूचना वाचायला उभे राहिले. सोमवारी आरोग्य तपासणी, बुधवारी युवकांची फुटबॉल मॅच. मग ते अडखळले. "आणि सायबीण आज... सेक्रेटरी, आज कुणाकडे?"

ॲरोन कागदाकडे बघत राहिला.

ईडामावशी उठली. या वेळी पुस्तकी मराठी नाही. "सायबीण माज्या भावाच्या घरात आसा. ज्याका व्हयी तेच्या बायलेन थंय जावचा आणि सावित्रीच्या हातातसून घेवची. कोण जाऊक नाय तर ती वर्सभर थंयच रवतली. आणि रवांदे!"

कुणीही दाराकडे सरकलं नाही. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. ॲरोनने माझ्या हातावर हात ठेवला. मी तो काढला आणि उठले.

भर दुपारच्या उन्हात मिंगेलच्या दारात उभी राहिले तेव्हा घामाने डबडबले होते. मागे कुणी नव्हतं, मेणबत्ती नव्हती. सावित्री बाहेर आली. मी म्हटलं, "वयनी, सायबीण घेवक इलंय."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. शुक्रवारी मी कुठे उभी होते ते तिने पाहिलं होतं.

"आज नाय देवची," ती म्हणाली. "मिंगेल आता खंय जरा तिच्याकडे बघीत पडलो आसा. आमी एकतीस वर्सां वाट बघली. तू फाल्यांपर्यंत एक दीस बघ."

आणि तिने दार लावून घेतलं. सोमवारी दिवेलागणीला मी परत गेले आणि तिने उघडेपर्यंत उंबऱ्याबाहेर उभी राहिले.