मेघनाचे सासरे

शेजारच्या मेघनाचे अमेरिकन सासरे तिकडे अमेरिकेतल्या एका खेड्यात न्यायाधीश आहेत. नातीला भेटायला ते अमेरिकेहून इतक्या लांब इकडे, आमच्या ईस्ट कोस्ट भागातल्या कॉन्डो-संकुलात येतात. कुणी काही बोललं की क्षणभर थांबतात, न जाणो त्याचं आणखी काही सांगायचं राहिलं असेल, आणि मगच उत्तर देतात.

गेल्या वर्षी ते त्यांच्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयासाठी निवडणुकीला उभे होते. तिकडे न्यायाधीशही मतं मागतात, हे मला नवीनच होतं. नातीच्या वाढदिवसाला त्यांच्याच राज्यातले एक गृहस्थ आले होते. ते म्हणाले, "आमच्या घरची सगळी मतं तुम्हालाच. फक्त त्या कोर्टापुढे येणाऱ्या धरणाच्या खटल्यात निकाल कुणाच्या बाजूने देणार, तेवढं सांगा."

"मी अजून दोन्ही बाजू ऐकलेल्या नाहीत."

गृहस्थ केक न खाताच गेले. मेघना माझ्याजवळ मराठीत पुटपुटली, "थोडं गोड बोलले असते तर काय बिघडलं असतं?"

निवडणूक ते थोडक्यात हरले. परवा पार्कात फिरताना मी विचारलं, "वाईट वाटलं?"

"खूप. ती जागा मला फार हवी होती," ते म्हणाले, आणि तोंड फिरवून समुद्राकडे बघत राहिले.

अशा माणसांना स्वतःसाठी काही हवंसं वाटतच नाही, असं मी उगाच धरून चाललो होतो.