रोगणाची राखण

खंडेनवमीचा दिवस. विळे-कुऱ्हाडी धुऊन पूजेला मांडल्या आणि सतार पुसायचं काम यंदा पहिल्यांदाच माझ्याकडे आलं. थोरले भावजी वैशाखात गेले होते.

आमच्या थोरल्या भावजींइतकी सतारीची सेवा उभ्या धारुरात कुणी केली नसेल, आणि इतकी मुकी सतारही दुसऱ्या कुणाच्या घरी नसेल. मुळात ती त्यांची नव्हतीच. जाऊबाईंनी घाटनांदूरहून, माहेरून आणलेली. त्या छान वाजवायच्या म्हणे. मी लग्न होऊन आले तोवर सतार गवसणीत गेली होती. वाजवायच्या नखीनं रोगण खरचटतं, हा भावजींचा शोध. तारांच्या गंजाचे डाग पडतील म्हणून तारा उतरवून डबीत ठेवल्या. धुरानं लाकडाची झळाळी जाते म्हणून चूल गोठ्यात हलवली. सतार माजघरात गादीवर, आणि आम्ही दोघी म्हशीच्या शेपटीचे तडाखे खात भाकऱ्या थापतोय. स्वतः चार-चार दिवस अंगाला पाणी लावत नसत, पण सतारीच्या भोपळ्यावरून मलमल रोज फिरे. तीही तोंडाला उपरणं बांधून, श्वासाची वाफ लागू नये म्हणून. एकदा तहसिलीतले पेशकार सतार ऐकायला आले. भावजींनी त्यांना अंगठी काढायला लावली, हात पुसायला लावले, सतार लांबून दाखवली आणि झाकली.

"बजाते कायकू नईं, पाटील?"

"वाजवून खराब करू व्हय?"

दाराआड उभ्या जाऊबाईंची बोटं पदराच्या काठावर सरकत होती.

तर गवसणी काढली. भोपळ्यात माझं तोंड दिसलं, इतका लख्ख. सतार जाऊबाईंच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, "तारा चढवा, बाई. आता कोण बोलतंय?"

त्यांनी माझ्या हातातलं मलमलीचं फडकं घेतलं, तोंडाला पदर लावला आणि दांडी पुसायला लागल्या.

"नगं गं धाकटे. रोगण लई नाजूक हाय."

माणूस जाऊन सहा महिनेही झाले नव्हते आणि बाईच्या तोंडून तोच बोलत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल तिच्या जुन्या जागी, माजघरालगत मांडली आणि पहिल्या जाळात गवसणी अन् फडकं घातलं. उघड्या सतारीवरून धूर गेला. तारांची डबी जाऊबाईंसमोर ठेवली. त्यांनी झाकण उघडलं. मग एका तारेचा गुंता सोडवायला लागल्या.

ओरडायला तेवढे भावजी हवे होते.