बाबांच्या कॅल्क्युलेटरला उजेड

मी घड्याळं दुरुस्त करतो, आणि न मोडलेली वस्तू मोडण्यातही माझा हात धरणारा कोणी नाही. तरी थोरल्या ताईने बाबांचा कॅल्क्युलेटर माझ्या हवाली केला. ताई डोळे तपासते. अंधाऱ्या खोलीत चष्म्याच्या नंबराचा हिशेब करायला दर वेळी दिवा लावावा लागे आणि समोरच्याचे डोळे दिपत. नवा घे म्हटलं, तर म्हणाली, "बाबांची एवढीच वस्तू उरलीय माझ्याकडे. याची बटणं बोटांना पाठ आहेत."

"आकड्यांमागे उजेड बसवून देतो, एका दुपारचं काम," मी म्हटलं. माझं तोंड कायम हातांच्या पुढे धावतं.

घड्याळाच्या डायलमागे असते तसली कागदाएवढी पातळ प्रकाशपट्टी आणली. आकड्यांच्या काचेमागचा चंदेरी थर ब्लेडने सोडवला, खालच्या पारदर्शक फिल्मला ओरखडा न पाडता. अवघड काम ते हेच, आणि ते जमलं. पट्टी मागे सरकवली, बटण दाबलं. डासासारखी गुणगुण करत हिरवट उजेड पडला आणि त्यावर काळे आकडे ठसठशीत दिसले. तिथे थांबलो असतो तर तो मी कसला! काचेवरची पुढची फिल्म जुनाट, ओरखडलेली वाटली. म्हटलं, एवढं केलंय तर चेहराही उजळू दे. सोलून काढली आणि आकडेच गायब. उरला नुसता हिरवा उजेड. आकडे त्या फिल्ममुळेच दिसतात, हे मला त्याच क्षणी आठवलं. फिल्म तर चुरगळून गेली होती.

ताईच्या खोलीत गेलो तेव्हा ती मुलांच्या तपासणीचा काळपट चष्मा पुसून स्वतःच घालून बघत होती. मी कॅल्क्युलेटर पुढे केला.

"उजेड झक्कास पडलाय, पण आकडे गेले गं. जुनं यंत्र, जीव संपला असेल त्याचा."

"तू काही केलं नाहीस ना?"

"छे! मी कशाला काय करतोय?"

तिने एक डोळा मिटला, बटणं दाबली. "सात आठे छप्पन्न. बरोबर दाखवतोय की."

मला वाटलं, धक्क्याने हिचं डोकं फिरलं. मग तिने तो चष्मा माझ्या नाकावर चढवला. एक डोळा मिटून पाहिलं, तर हिरव्या उजेडात छप्पन्न स्वच्छ. जी फिल्म मी उपटली, तसलीच त्या चष्म्याच्या काचांत होती; दोन काचांत वेगवेगळ्या दिशेने बसवलेली, म्हणून एक डोळा मिटायचा.

"पुढची फिल्म सोललीस, त्याचं काही नाही," ती म्हणाली, "पण मला सरळ सांगितलं नाहीस, त्याचं वाईट वाटलं." मला तिच्याकडे बघवेना.

तिने खणातून तसलाच एक तुटका चष्मा काढला. "यातली काच कापून बसव."

"परत माझ्याच हातात देतेस?"

"मग कोणाच्या देऊ?"

मी दारापर्यंत गेलो आणि वळलो.

"ताई, एक स्क्रूही उरलाय. कुठला ते आठवत नाही."